लिव्हरपूल रोड मालगोदाम, मँचेस्टर

इंग्लंडमधील मँचेस्टर शहरातले १८३० सालचे रेल्वे मालगोदाम. जगात आज उभ्या असलेल्या रेल्वे गोदामांत ते सर्वांत जुने मानले जाते. लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेच्या मँचेस्टरकडील टोकाला, लिव्हरपूल रोड स्थानकासमोर रुळांच्या पलीकडे ते आहे.

या रेल्वेचा इतिहास बहुधा प्रवाशांच्या बाजूने सांगितला जातो. १५ सप्टेंबर १८३० चा उद्घाटन सोहळा आणि त्या दिवशी ‘रॉकेट’ इंजिनाखाली सापडून झालेला खासदार विल्यम हस्किसन यांचा मृत्यू सर्वांना ठाऊक असतो. मार्गासाठी पैसा उभा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या नजरेसमोर मात्र मुख्यतः माल होता. लिव्हरपूल बंदरात उतरलेला कापूस कालव्याने व नदीने मँचेस्टरच्या गिरण्यांकडे येई. जलमार्गांचे दर चढे आणि वाहतूक संथ, ही त्यांची जुनी तक्रार होती. पुढे प्रवाशांनीच अपेक्षेपेक्षा जास्त उत्पन्न दिले, हे खरे. तरी ही रेल्वे कशासाठी बांधली गेली हे समजून घ्यायचे, तर स्थानकाआधी गोदाम पाहावे.

आराखडा लिव्हरपूलच्या टॉमस हेग यांचा. बांधकाम मँचेस्टरचे कंत्राटदार धाकटे डेव्हिड बेलहाउस यांनी काही महिन्यांतच उरकले. रेल्वेचे गोदाम कसे असावे याचा रुळलेला नमुना तेव्हा नव्हता. त्यामुळे जवळच्याच कालव्याकाठच्या वखारींची रचना उचलली गेली: जाड विटांच्या भिंती, लाकडी तुळया, माल वर ओढून घेण्यासाठी मजल्यामजल्याला दारे. ज्या जलवाहतुकीशी स्पर्धा करायची, तिचीच इमारत या नव्या वाहतुकीने स्वीकारली.

खरी हुशारी जागेच्या वापरात दिसते. रूळ अर्वेल नदी ओलांडून कमानींवरून उंचावर येत. त्यामुळे वाघिणी एका मजल्यावर लागत आणि घोडागाड्या त्याखालच्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. दोन्हींची गर्दी एकमेकांच्या आड येत नसे. वाघिणी सुट्या करून फिरत्या तबकड्यांवर काटकोनात वळवीत आणि एकेक करून आत ढकलीत. इंजिन आत जात नसे. गासड्या, पोती, पिंपे चढवण्या-उतरवण्यासाठी सुरुवातीला माणसांच्या हातांनी चालणाऱ्या याऱ्या होत्या. लवकरच त्यांना वाफेच्या यंत्राची जोड मिळाली.

डिसेंबर १८३० मध्ये ‘प्लॅनेट’ इंजिनाने लिव्हरपूलहून मालगाडी आणली, तीत अमेरिकन कापसाबरोबर पीठ, ओटचे पीठ आणि माल्टही होते. त्या काळचा अमेरिकन कापूस प्रामुख्याने गुलामांच्या श्रमांतून पिकत असे. मँचेस्टरच्या औद्योगिक भरभराटीचे कौतुक करताना ही बाजू वगळणे अन्यायाचे आहे, कारण तो कापूस याच मजल्यांवर रचला जात होता.

१८४४ मध्ये प्रवासी वाहतूक हंट्स बँक येथील नव्या स्थानकाकडे (पुढचे व्हिक्टोरिया स्थानक) गेली आणि लिव्हरपूल रोडचा परिसर केवळ मालासाठी उरला. प्रवाशांसाठी तो १४ वर्षेच वापरात होता. माल मात्र १९७५ पर्यंत येत राहिला. नव्या बांधकामाची निकड नसल्याने जुन्या इमारती पाडल्या गेल्या नाहीत, आणि त्या टिकण्यामागे हेही एक कारण असावे. रेल्वेने जागा सोडल्यावर स्थानिक प्रशासनाने स्थानकाचा परिसर नाममात्र १ पौंडाला घेतला. १९८३ पासून तेथे विज्ञान व उद्योग संग्रहालय आहे. गोदामाला ब्रिटनमधील वारसा-इमारतींचा सर्वोच्च, म्हणजे पहिल्या श्रेणीचा दर्जा असून त्याचा जीर्णोद्धार करून ते संग्रहालयात सामावून घेण्यात आले आहे.