मोठं होण्याचं वेळापत्रक

सोयाबीन, कपाशी उगवून आली की विदर्भात वाणीचा उपद्रव सुरू होतो. धुऱ्यावर, काडीकचऱ्याखाली, कोवळ्या रोपांच्या बुडाशी वाण्याच वाण्या. एखादी उचलून मागचं टोक बघा, कड्या तिथं अगदी लहान होत गेलेल्या दिसतील. अंड्यातून निघालेल्या वाणीला मोजक्याच कड्या आणि पायांच्या तीनच जोड्या असतात. पुढे कात टाकता टाकता शेपटाकडे नव्या कड्यांची भर पडते.

कड्याकड्यांचं, कवचाचं अंग असलेले ट्रायलोबाइटही असेच वाढायचे. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात अवतरलेले हे जीव २५ कोटी वर्षांपूर्वी कायमचे संपले. ते आपल्या विदर्भात सापडायचे नाहीत. वणी भागातला चुनखडक त्यांच्याही कितीतरी आधीचा आणि कोळसा त्यांच्या अखेरच्या काळातला असला तरी गोड्या पाण्याच्या दलदलीतला. भारतात ते स्पिती आणि काश्मीरच्या खडकांत मिळतात.

त्यांचं कवच कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडकातल्याच खनिजाचं होतं, म्हणून टाकलेली कातही दगडात टिकली. बाळपणापासूनचा एवढा सलग पुरावा फार थोड्या नामशेष जीवांचा मिळतो! जोआकिम बारांद या जीवाश्मांच्या अभ्यासकांनी तर १८५२ मध्येच बोहेमियातल्या (आजच्या चेकियातल्या) 'साओ' या ट्रायलोबाइटच्या वाढीचे टप्पे क्रमाने मांडले होते. अगदी सुरुवातीचं पिल्लू बहुधा मिलिमीटरभरही नसे. शेपटाच्या ढालीत मागे नवी कडी तयार होई आणि पुढच्या काठाची एक सुटी होऊन धडाला मिळे. ठरावीक वेळी ही भर थांबे, अंग मात्र वाढत राही. 'ऑलाकोप्लुरा' या बोहेमियातल्याच प्रजातीत काही प्रौढांच्या धडात १८ कड्या, तर काहींच्या २२.

उत्क्रांतीने हात घातला तो या वेळापत्रकात. वयात येणं अलीकडे सरकलं, की प्रौढ लहानखुराच राहतो आणि पिल्लाची लक्षणं अंगावर बाळगतो. स्कॉटलंडच्या 'ओलेनेलस' कुळातल्या काही प्रजातींत पिल्लांच्या डोक्यावरचे काटे प्रौढपणीही तसेच राहिले. 'फॅकॉप्स' या ट्रायलोबाइटच्या डोळ्यातली मोठी, सुटी सुटी भिंगंही पूर्वजांच्या बाळडोळ्यांतून आली असावीत, असं मानतात. म्हणजे नवा अवयव घडवायची गरजच नाही, जुनाच वाढताना मध्ये थांबवला की झालं. मला उत्क्रांतीची ही काटकसर विलक्षण वाटते.

पण बाळपणाने घातही केला. सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात ज्यांची पिल्लं पाण्यात तरंगत वाढायची, त्या ट्रायलोबाइटांना सर्वाधिक फटका बसला. प्रौढ तळाशी राहणारे असूनही त्यांतली कित्येक कुळं बुडाली.