वॉटर सॉफ्टनर, घरगुती

जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडणारे उपकरण. शालेय पुस्तकांत अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात, सोलापुरात सरसकट ‘बोअरचं पाणी’. सॉफ्टनर पाणी गाळत नाही, अदलाबदल करतो, आणि ही अदलाबदल मिठावर चालते. मीठ भरायचे राहून गेले की यंत्र नुसते पाणी पुढे ढकलणारे नळकांडे होते.

सोलापूर शहराला उजनी धरण, टाकळीजवळ भीमा नदी आणि हिप्परग्याचा तलाव येथून पाणी मिळते. नळाला पाणी काही दिवसांआड येत असल्याने बऱ्याच घरांत ते पिण्यास्वयंपाकाला साठवून ठेवतात आणि आंघोळ, धुणे, फरशी बोअरवर भागवतात. बेसाल्ट खडकातून झिरपताना हे पाणी क्षार घेऊन येते. ते गिझरच्या कॉइलवर पापुद्र्यांनी चढतात आणि शॉवरची भोके बुजवतात. तुरीची डाळही अशा पाण्यात लवकर शिजत नाही, कारण कॅल्शियम डाळीतील पेक्टिनला घट्ट धरून ठेवते. चादरी-टॉवेलांच्या रंगकामात तर जड पाण्याने रंग सारखा बसत नाही, म्हणून रंगाऱ्याला पाण्याचा जडपणा आधी बघावा लागतो.

यंत्राच्या टाकीत खसखशीएवढे पिवळसर मणी असतात. हे रेझिन म्हणजे सल्फोनिक (गंधक-ऑक्सिजनचे) गट जोडलेले पॉलिस्टायरीन नावाचे प्लास्टिक. प्रत्येक मण्यावर सोडियम चिकटलेले असते. जड पाणी वरून आले की मणी कॅल्शियमला धरतात आणि सोडियमला सोडतात. अदलाबदल करणारे कृत्रिम रेझिन इंग्लंडमध्ये ॲडम्स व होम्स या रसायनशास्त्रज्ञांनी १९३५ साली पुढे आणले, पण ते पॉलिस्टायरीनचे नव्हते. सुरुवात ग्रामोफोनच्या रेकॉर्डचा चुरा तपासण्यातून झाली, असे सांगतात. सगळे मणी कॅल्शियमने भरले की मिठाचे दाट पाणी सोडून उलटी अदलाबदल करतात. यालाच रिजनरेशन म्हणतात.

ते किती दिवसांनी करायचे, हे विक्रेत्याच्या तोंडी हिशोबावर सोडू नये. नेहमीच्या मीठमात्रेत एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम जडपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) धरते. म्हणजे २५ लिटर रेझिन १,२५० ग्रॅम. पाण्याचा जडपणा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असेल तर हे रेझिन २,५०० लिटरला पुरते. पाच माणसांचे घर रोज साडेसहाशे लिटर वापरत असेल, तर चौथ्या दिवशी मीठ आलेच. ‘महिन्यातून एकदा’ हे आश्वासन अशा बोअरला लागू पडत नाही.

रिजनरेशनचा क्रम ठरलेला आहे. आधी बॅकवॉश: पाणी खालून वर सोडून मणी सैल करणे आणि गाळ बाहेर काढणे. मग सुमारे ३ किलो मीठ ३० लिटर पाण्यात विरघळवून ते अर्धा तास सावकाश मण्यांतून जाऊ देणे. शेवटी खारट चव जाईपर्यंत धुणे. बॅकवॉश चुकवला की मीठ एकाच वाटेने निघून जाते आणि निम्मे मणी तसेच राहतात. तक्रार मात्र रेझिनची होते.

मीठ जाडे आणि स्वच्छ असावे. मूठभर मीठ पाण्यात विरघळवून तळाशी माती बसते का ते आधी पाहावे. मिठाच्या टाकीत वर कडक पापडी धरते आणि खाली पोकळी राहते. वरून टाकी भरलेली दिसते, पण पाण्यात मीठ उतरत नाही. काठीने ढोसून ही पापडी फोडावी.

पाणी मृदू झाले की नाही, हे जिभेला कळत नाही. तपासणी-संचातील सूचकाचे थेंब टाकावेत: पाणी निळे झाले तर ठीक, वाइनसारखे लाल झाले तर जडपणा शिल्लक आहे.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, मात्र सॉफ्टनरने कमी होत नाही, म्हणून सॉफ्टनर आरओला (क्षार काढणाऱ्या पडद्याच्या फिल्टरला) पर्याय ठरत नाही. ५०० मिलिग्रॅम जडपणा काढताना लिटरमागे सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हे पाणी पिऊ नये. बाकीच्यांनीही पिण्याचा नळ वेगळा ठेवलेला बरा. भारतीय मानकात (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्याच्या जडपणाची स्वीकार्य मर्यादा २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसेल तरच ६०० पर्यंत सूट आहे. धुवून निघालेले खारे पाणी गटारातच सोडावे. परसातल्या कढीपत्त्याला घातले तर झाड आणि माती दोन्ही जातात.

पाण्यात लोह असेल तर मणी तांबूस होऊन थकतात, तेव्हा आधी लोहाचा फिल्टर लावावा. चांगली निगा राखल्यास रेझिन आठ-दहा वर्षे टिकते. नळाच्या जाळीत पिवळे मणी सापडू लागले, तर रेझिन संपलेले नसते. टाकीतली खालची जाळी फुटलेली असते. तेवढीच बदलून घ्यावी.