भाकरी जमते, रस्सा जमत नाही

कोल्हापुरात शिवाजी पेठेतली आमची मावशी गाडीवरून पडली, डोक्याला मार बसला. जखम भरली, बोलणं-चालणं सुधारलं, आम्ही म्हटलं सुटलो. मग एका रविवारी तिनं मटण करायला घेतलं. तासाभरानं बघतो तर अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, आटत चाललेलं, खोबरं अर्धंच खवलेलं, खसखस भिजवायची राहिलेली आणि मावशी रिकामी वाटी घेऊन ओट्याशी उभी. "कुठवर आलंय तेच कळंना झालंय बघ." भाकऱ्या मात्र गरगरीत थापून ठेवलेल्या!

भाकरी हातात मुरलेली असते. अशी सवयीची कामं मेंदूच्या पोटातले बेसल गँग्लिया नावाचे पुंजके आणि लहान मेंदू सांभाळतात. तांबडा-पांढरा रस्सा म्हणजे निराळा कारभार: अळणी एकच, रस्से दोन. इकडे कांदा-लसूण चटणी करपू द्यायची नाही, तिकडे नारळाचं दूध फुटू द्यायचं नाही. आधी काय, मग काय, हा हिशेब कपाळामागचा मेंदू ठेवतो. डोकं आपटलं की नेमका हाच भाग कवटीच्या तळाच्या खडबडीत हाडावर घासतो.

माँट्रिअलचे मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी १९२८ साली सख्ख्या बहिणीच्या मेंदूतली गाठ काढली, तेव्हा उजवीकडचा पुढचा भागही बराच काढावा लागला. पुढं तिनं त्यांना जेवायला बोलावलं. वेळ झाली तेव्हा साहित्य सगळं हजर, एक-दोन पदार्थ चुलीवर, पण मांस शिजायला घातलेलंच नाही आणि ती पार गोंधळलेली. १९३५ च्या निबंधात त्यांनी हे नोंदवलंय. स्वयंपाक विसरली नव्हती, घडी बसत नव्हती.

मावशीचा आळशीपणा म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे कोण सांगणार? आम्ही हिशेब डोक्यातून काढून ओट्यावर मांडला. सगळं चिरून, वाटून झाल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. एका वेळी एकच भांडं. शिट्ट्यांसाठी चिंचोके: शिट्टी झाली की एक चिंचोका वाटीत. टीव्ही बंद, आणि थकायच्या आधीच बसायचं, कारण थकवा आला की चुका वाढतात.

वासाचं मात्र उशिरा लक्षात आलं. नाकाच्या छताच्या चाळणीतून वर जाणारे वासाचे नाजूक तंतू धक्क्यानं तुटू शकतात. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून इथाइल मर्कॅप्टन मिसळतात. मावशीला तोच येत नव्हता. आता भिंतीवर गळती ओळखणारा भोंगा आहे.

गेल्या रविवारी तिनं नुसता पांढरा केला. तांबडा शेजारच्या काकूंकडून आला.