हात आडवा करून गाडी थांबवणारा पोलीस

शनिवारी रात्री माहीमहून घरी येताना नाकाबंदीत सापडलो. बॅरिकेड समोरासमोर नव्हते. आधी डावीकडे एक, पंधरा-वीस पावलं पुढे उजवीकडे दुसरं, म्हणजे नागमोडी वळण घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं, आणि वळायचं तर वेग उतरवावाच लागतो. हवालदारांनी टॉर्च आधी नंबर प्लेटवर मारला, मग माझ्या हातांवर, शेवटी तोंडावर. "इंजिन बंद करा. स्टँडला लावा. इकडे या." इकडे म्हणजे फूटपाथवर. लायसन मोबाईलवर होतं, मी मोबाईल पुढे केला, तर म्हणाले, "तुमच्याच हातात धरा." दुसरा शिपाई दोन-तीन पावलं मागे उभा होता. तो एक शब्द बोलला नाही, नुसता बघत होता. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

या दोन मिनिटांत त्यांनी जे जे केलं, त्यातलं बरंचसं या शहरात कुणीतरी जिवाला मुकल्यावर शिकलं गेलंय.

मुंबईत नाका म्हणजे चौक. करी रोड नाका, साकी नाका, तीन रस्ते मिळाले की झाला नाका. पण शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, अडवून वसुली करण्याची जागा. मुलुंड, दहिसर, मानखुर्दचे जकात नाके १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत चालूच होते. नाकाबंदीत हे दोन्ही अर्थ आहेत. तपासणीचा मोठा काळ दारूचा होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने गाड्यांच्या डिक्या उघडायला लावल्या, आणि पुढे दारूबंदी सैल झाली तरी कायदा कागदावर राहिलाच.

आता साध्या वाहतूक पोलिसाकडे येऊ, म्हणजे ज्याला आपण 'मामा' म्हणतो त्याच्याकडे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३० म्हणतं की गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर चालकाने लायसन दाखवायचं. ही झाली कायद्याची ताकद. प्रत्यक्षात कित्येक वर्षं त्याची खरी ताकद म्हणजे त्याचं शरीर. गाडी निसटली की केस गेली. नंबर लिहून घेतला तरी मालकाचा पत्ता आरटीओतून काढायचा, समन्स पाठवायचं, कोण करणार? म्हणून माणूस जागेवर धरायचा, लायसन जमा करायचं, हातात पावती द्यायची. त्यातूनच गाडीपुढे आडवं उभं राहणं, चालत्या मोटारसायकलची चावी ओढणं, खिडकीतून आत हात घालणं आणि पळणाऱ्याच्या मागच्या सीटवर झेप घेणं ही कामाची रीत झाली. चावी काढून घेण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्यात वाहतूक शिपायाला दिलेला नाही, हे हल्ली कॉलेजची पोरंही ऐकवतात. ते बरोबरच आहे. पण चावी ओढणारा पोलीस उद्दामपणा करत असतो तितकाच धोकाही पत्करत असतो, हे त्यात कुणी बोलत नाही.

रात्रीच्या नाकाबंदीचं आजचं रूप २००७ चं. त्याआधी १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका मोटारीने फुटपाथवर झोपलेल्या मजुरांना चिरडलं. सात जण गेले. शहर हादरलं. पुढच्या वर्षी जूनपासून मुंबईत दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि 'मशीनमध्ये फुंका' हे वाक्य शनिवार-रविवारच्या रात्रीचा भाग झालं. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल.

आता यातली गोम पाहा. दारू प्यायलेल्यांना पकडायचं तर रात्री, ते ज्या रस्त्यावरून येतात त्याच रस्त्यावर, त्यांच्याच वाटेत उभं राहायचं. ३० जानेवारी २०१० च्या पहाटे मरीन लाइन्स भागात नेमकं तेच झालं. नाकाबंदीवर थांबलेल्या पोलिसांवर आणि मोटारसायकलवाल्यांवर एक मोठी गाडी आदळली. एक पोलीस उपनिरीक्षक आणि एक मोटारसायकलस्वार ठार झाले, आणखी काही जखमी. त्या रात्री मेलेल्या स्वाराला पोलिसांनीच थांबवलं होतं, हे ध्यानात घेतलं की फूटपाथवर बोलावण्याचा अर्थ लागतो. एकदा गाडी थांबवली की थांबलेल्याचा जीवही पोलिसाच्या अंगावर येतो.

इथे एक साधी गोष्ट, जी मला बरीच वर्षं सुचली नव्हती. आपल्याकडे गाडी डाव्या कडेला लागते आणि चालक उजवीकडे बसतो. म्हणजे चालकाच्या खिडकीशी बोलायला गेलेला पोलीस वाहत्या रस्त्यात, येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून उभा असतो. म्हणून जाणता हवालदार डाव्या काचेवर टकटक करतो, नाहीतर चालकालाच खाली उतरवून कडेला घेतो. अमेरिकेत सगळं उलट्या बाजूला, अडचण मात्र हीच. तिथे चालकाने सहसा गाडीतच बसून हात स्टिअरिंगवर ठेवायचे असतात, कारण भीती बंदुकीची. तरी पोलिसाने सुरक्षेसाठी चालकाला खाली उतरवलं तर ते योग्य, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ठरवलं. आपल्याकडे सांगावंही लागत नाही. चालक स्वतःच उतरून "साहेब, जरा ऐका ना" म्हणत येतो.

बंदुकीची भीती मुंबईलाही कळली, ती एकाच रात्री. २६ नोव्हेंबर २००८, घड्याळ २७ तारखेवर सरकलेलं. चोरलेली स्कोडा मरीन ड्राइव्हवरून येतेय असा निरोप वायरलेसवर आला आणि डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या लोकांनी गिरगाव चौपाटीवर बॅरिकेड लावले. बहुतेकांच्या हातात काठ्या. गाडी बॅरिकेडच्या अलीकडे थांबली, दिवे डोळ्यांवर सोडले, काचेवर पाणी मारून वायपर चालू केले. आत कोण आहे ते दिसू नये म्हणून. मग वळायला गेली आणि दुभाजकावर अडकली. चालवणारा पोलिसांच्या गोळीने मेला. दुसऱ्याच्या हातातल्या एके-४७ ची नळी सहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली. गोळ्या त्यांच्या शरीरात गेल्या, मागचे सहकारी वाचले आणि कसाब जिवंत सापडला. २६ जानेवारी २००९ ला त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. चौपाटीवर आज त्यांचा पुतळा आहे.

त्यानंतर मोक्याच्या नाक्यांवर वाळूच्या पोत्यांचे आडोसे दिसू लागले, बॅरिकेडमागे रायफल घेतलेला शिपाई आला. मात्र बोलणारा एक आणि नजर ठेवणारा दुसरा, ही वाटणी मला आडोशांपेक्षा मोलाची वाटते. पोती पावसाळ्यात फाटतात. मागे उभं राहायला लागतो फक्त एक जादा माणूस, आणि तोच अनेकदा नसतो. दिवसा सिग्नलवर तर एकटाच मामा चारी बाजू बघत असतो.

२३ ऑगस्ट २०१६ ची गोष्ट दिवसाढवळ्याची. खारमध्ये पेट्रोल पंपावर वाहतूक हवालदार विलास शिंदे यांनी हेल्मेट नसलेल्या एका अल्पवयीन मुलाला अडवलं. मुलाने भावाला फोन केला. भाऊ आला आणि त्याने शिंदेंच्या डोक्यात लाकडी दांडका घातला. ३१ ऑगस्टला ते गेले. ओंबळे सातारा जिल्ह्यातले, शिंदेही तिकडचेच. दोन गावं, दोन मरणं, आणि कारणं किती वेगळी! एकाच्या समोर एके-४७, दुसऱ्याच्या समोर हेल्मेटची पावती.

पोलिसांच्या बोलण्यात 'फोन लावून देतो' याची चेष्टा चालते. अडवलेला माणूस नगरसेवकापासून मेव्हण्यापर्यंत कुणालाही फोन लावतो आणि मोबाईल साहेबांच्या कानाशी नेतो. खारनंतर या वाक्याचा दुसरा अर्थ झाला. फोन म्हणजे माणसं येणार. वाद घालत बसायचं नाही, दोन-चार मिनिटांत काम उरकायचं, गर्दी जमायच्या आत मोकळं व्हायचं, पाठ भिंतीकडे किंवा गाडीकडे ठेवायची, हे जुने हवालदार नव्या पोरांना सांगतात.

कायदाही मागोमाग हलला. भारतीय दंड संहितेतल्या, सरकारी नोकरावर हल्ल्याच्या कलम ३५३ ची शिक्षा महाराष्ट्राने दोन वर्षांवरून पाच केली, ती दुरुस्ती २०१८ मध्ये लागू झाली. डॉक्टर, एसटीचे वाहक, पोलीस, सगळ्यांना तिचा आधार वाटायचा. पण १ जुलै २०२४ ला दंड संहिताच गेली, आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये शिक्षा पुन्हा दोन वर्षांवर आली. दुखापत झाली तर कलम १२१, तिथे पाच वर्षांपर्यंत. म्हणजे नुसती कॉलर धरली तर हिशेब २०१८ च्या आधीचाच. राज्याची दुरुस्ती जुन्या कायद्याबरोबर गेली आणि त्यावर फारशी बोंबही झाली नाही.

खरा बदल झाला यंत्राने. २०१६ च्या अखेरीस मुंबईत ई-चलान आलं, शहरभर सीसीटीव्ही लागले. नंबराचा फोटो काढला की दंड मालकाच्या नावावर जातो, लायसन जमा करायची गरज राहिली नाही. दोन वर्षांनी मोबाईलवरचं लायसनही चालू लागलं. म्हणजे अंगाने गाडी अडवण्याचं मूळ कारणच संपलं. पळतोय? पळू दे, नंबर आहे.

पण हात काही खाली आला नाही. एप्रिल २०२३ मध्ये वाशीत अडवलेल्या मोटारीच्या चालकाने गाडी पुढे काढली आणि समोर उभा असलेला वाहतूक पोलीस बॉनेटवर अडकला. त्याला तसाच घेऊन गाडी उरणच्या वाटेवर गव्हाण फाट्याच्या दिशेने सुटली, जवळपास वीस किलोमीटर. पोलीस वाचला. चालकाने अमली पदार्थ घेतले होते, असं पोलिसांनी सांगितलं. हे नवी मुंबईतलं, पण बॉनेटवरचा पोलीस अंधेरीतही दिसलाय. दर वेळी व्हिडिओ फिरतो, शौर्याचं कौतुक होतं, आणि तो गाडीसमोर का उभा होता हा प्रश्न कौतुकात बुडून जातो. वाशीतल्यासारखा नशेतला चालक हा कॅमेऱ्याचा विषय नाही, त्याला पुढे जाऊ देता येत नाही, हेही खरं. मग त्याला अडवायला गाडीपुढे माणूस नको, बॅरिकेड हवा, आणि पुढच्या चौकीला वायरलेस.

थकवा हा धोक्यात कुणी मोजत नाही. बारा-बारा तास उभं राहिलेल्या माणसाची नजर शेवटच्या तासात हातांवर जात नाही, नुसती नंबरावर जाते. देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, तो तिथल्याच एका शिपायाने मांडला होता आणि पुढच्या वर्षी शहरभर नेला गेला. बंदोबस्त लागला की तास पुन्हा लांबतात. मार्च २०२० मध्ये करोनामुळे फुंकायचं मशीन बंद झालं, तरी रस्त्यावरची नाकाबंदी बंद झाली नाही. त्या साथीत मुंबई पोलीस दलाने शंभराहून अधिक माणसं गमावली.

माहीमच्या त्या हवालदारांना निघताना विचारलं, तुम्ही लायसन हातात का घेत नाही? म्हणाले, "मोबाईल पडला, काच फुटली, की तुम्ही म्हणणार मामांनी फोडली." मग रिफ्लेक्टरचं जाकीट खाली ओढलं, मागे येणाऱ्या टॅक्सीवर टॉर्च मारला, आणि एक पाऊल मागे, बॅरिकेडच्या आड झाले.