आखाड्यातून पडद्यावर: बुल मोंटाना आणि त्याचा काळ

मूकपटांच्या जमान्यात गुंड, खलाशी, दरोडेखोर अशा भूमिकांतून वारंवार दिसणारा बुल मोंटाना हा मुळात व्यावसायिक कुस्तीगीर होता. त्याचे खरे नाव लुइजी मोंतान्या. १८८७ साली इटलीतील व्होगेरा येथे जन्मलेला हा माणूस तरुणपणी अमेरिकेत आला आणि तिथल्या आखाड्यांत उतरला.

१९०८ साली शिकागोत फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकेनश्मिट यांची कुस्ती दोन तासांहून अधिक चालली होती. अशा दीर्घ, चिवट झुंजींना प्रेक्षक हळूहळू कंटाळत गेले, आणि धंदा टिकवण्यासाठी निकाल आधीच ठरवलेल्या, म्हणजे नूरा कुस्त्यांचे प्रमाण वाढले. अशा कुस्तीत वेदना, राग आणि मग्रुरी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावी लागते. संवादाविना चालणाऱ्या सिनेमालाही नेमके हेच हवे होते, त्यामुळे मल्लांना तिथे फारसे नव्याने शिकावे लागले नसावे.

मोंटानाला सिनेमात आणले डग्लस फेअरबँक्सने. व्यायामाची आवड असलेल्या या नटाभोवती खेळाडूंचा गोतावळा असे आणि मोंटाना त्यातलाच एक. त्याचे भांडवल म्हणजे चेहरा, आणि विशेषतः कान. सततच्या घर्षणाने व माराने कानाच्या कूर्चेलगत (कानाला आकार देणाऱ्या लवचीक ऊतीलगत) रक्त साकळते, तिचे पोषण तुटते आणि कान कायमचा वेडावाकडा होऊन घट्ट बनतो. कॅमेरा जवळ आला की रंगभूषेशिवायच खलनायक तयार! १९१९ च्या ‘व्हिक्टरी’मध्ये तो नामांकित नट लॉन चेनीसोबत होता, १९२२ साली फ्रेंच विनोदी नट माक्स लँडेरच्या ‘थ्री मस्केटिअर्स’वरील विडंबनपटात त्याने चक्क फ्रान्सचा बलाढ्य मंत्री कार्डिनल रिशल्यू याचे सोंग वठवले. गंमत अशी की, त्याची सर्वांत लक्षात राहिलेली भूमिका, १९२५ च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’मधला वानरमानव, त्या चेहऱ्यावर जाड रंगभूषा चढवूनच साकारली गेली.

बोलपट आल्यावर अशा नटांना संवाद म्हणणे भाग पडले. मोंटानाच्या वाट्याला मग किरकोळ कामेच उरली; १९५० साली लॉस एंजेलिस येथे त्याचे निधन झाले. त्याच्या पाठोपाठ स्थिरावलेला नॅट पेंडलटन हा १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमधला कुस्तीचा रौप्यपदक विजेता आणि कोलंबिया विद्यापीठात शिकलेला होता, तरी पडद्यावर बहुतेकदा मठ्ठ गुंड किंवा पोलीसच झाला.