धुता येणाऱ्या एअर फिल्टरनं मायलेज वाढतं का?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडी सर्व्हिसिंगला लावली की हा सल्ला कुणीतरी देतंच: "कागदी फिल्टर काढा, धुता येणारा बसवा, मायलेज वाढतंय बघा." फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत असं होत नाही. आत येणारी हवा सेन्सर मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या बेतानंच पेट्रोल सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ साली तुंबलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या. मायलेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही, पिकअप मात्र घटला. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीची गोष्ट वेगळी.

खरा प्रश्न धुळीचा आहे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागून रोज कागल-शिरोळ करणाऱ्यानं तर तोच आधी बघावा. धुता येणारा कॉटनचा फिल्टर हवा मोकळी सोडतो, पण बारीक धूळ सहसा कागदच जास्त अडवतो. शिवाय कॉटन धुऊन, पूर्ण वाळवून त्याला बेतानं तेल लावावं लागतं. कमी पडलं तर धूळ आत जाते, जास्त झालं तर एअर-फ्लो सेन्सरवर थर बसू शकतो.

रोजच्या गाडीला माझ्या मते कागदीच बरा. फक्त कॉम्प्रेसरची हवा जोरात मारून तोच तोच वापरू नका, कागद फाटतो. बऱ्याच दुचाकींत तेलकट कागदाचा फिल्टर असतो, तो साफ करायचाच नसतो, थेट बदलायचा.