शोमरोनी, बोटी आणि ‘बेकायदा’ हा शब्द: ऑस्ट्रेलियातल्या आश्रयाच्या वादाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका मासिकात विरोधी पक्षाच्या एका खासदाराने श्रद्धा आणि राजकारण या विषयावर लांबलचक निबंध लिहिला. हिटलरच्या विरोधात उभा राहून १९४५ मध्ये फासावर गेलेला एक जर्मन पाद्री हा त्याचा आदर्श. म्हणणं असं की चर्चने सत्तेपुढे तोंड उघडायचं ते दुबळ्यांसाठी, आणि परका माणूस संकटात दारात आला तर काय करायचं हे शोमरोन्याच्या गोष्टीत (वाटेत लुटलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट) सांगून ठेवलंय, बोटीने येणारे आश्रयार्थी पण त्यात आले. दोन महिन्यांत हे गृहस्थ पक्षाचे नेते झाले, त्यानंतर वर्षभरात पंतप्रधान. मधे पक्षाने त्यांना पाडलं, परत आणलं, आणि दुसऱ्यांदा शपथ घेऊन जेमतेम तीन आठवडे झाले असतील, १९ जुलै २०१३ ला त्यांनीच जाहीर केलं की यापुढे जो कोणी व्हिसाशिवाय बोटीने येईल त्याला ऑस्ट्रेलियात वसू देणार नाही, कधीच नाही, खरा रेफ्युजी ठरला तरी नाही. त्याची रवानगी पापुआ न्यू गिनीला.

योगायोग बघा, त्याच्या ११ दिवस आधी, ८ जुलैला, नवे पोप रोमबाहेरच्या पहिल्याच दौऱ्यावर इटलीच्या लाम्पेदुसा बेटावर गेले होते, आफ्रिकेतून बोटीने निघालेले जिथे येऊन लागतात, किंवा वाटेत बुडतात. समुद्रात फुलांचं चक्र सोडलं, फुटलेल्या बोटीच्या लाकडातून कोरलेला प्याला हातात घेऊन मिस्सा केली, आणि मेलेल्यांसाठी आता कुणाला रडू पण येत नाही असं म्हणाले. ऑस्ट्रेलियातले दोन्ही मोठ्या पक्षांचे नेते तेव्हा चर्चला जाणारे होते आणि विरोधी पक्षाचे नेते तर तरुणपणी पाद्री व्हायला सेमिनरीत जाऊन राहिलेले. सप्टेंबरमध्ये निवडणूक होती.

आधीचं थोडक्यात सांगतो. एप्रिल १९७६ मध्ये पहिली व्हिएतनामी बोट डार्विनला लागली, पाच माणसं, शाळेच्या नकाशापुस्तकातलं फाडलेलं पान बघत बघत आलेली. पुढच्या पाच-सहा वर्षांत बोटीने आलेले जेमतेम दोन हजार असतील, पण त्याच काळात सरकारने आग्नेय आशियातल्या कॅम्पांमधून स्वतः विमानाने हजारो लोक आणले. तेव्हाही कुरकुर होती, पण मोठे पक्ष त्यावर निवडणूक लढले नाहीत. वळण १९९२ चं. कंबोडियातून थोड्या बोटी आल्या आणि तेव्हाच्या मजूर पक्षाच्या, म्हणजे निबंधवाल्यांच्याच डावीकडच्या पक्षाच्या, सरकारने सरसकट डिटेन्शनचा, म्हणजे असं येणाऱ्या प्रत्येकाला कोंडून ठेवायचा, कायदा केला. सुरुवातीला २७३ दिवसांची मर्यादा होती, १९९४ मध्ये ती पण गेली. लोक हे सगळं उजव्यांच्या खात्यावर टाकतात म्हणून मुद्दाम सांगितलं.

मग ऑगस्ट २००१. बुडत्या इंडोनेशियन बोटीतून चारशेच्या वर माणसं, बहुतेक अफगाणिस्तानातल्या हजारा जमातीची, टाम्पा नावाच्या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने उचलली आणि कप्तान त्यांना घेऊन ऑस्ट्रेलियाच्याच ख्रिसमस आयलंडकडे निघाला. सरकारने कमांडो पाठवून जहाज ताब्यात घेतलं, माणसं नौरूला आणि काही न्यूझीलंडला गेली. नौरू म्हणजे प्रशांत महासागरातलं २१ चौरस किलोमीटरचं बेट, स्वतंत्र देश, फॉस्फेट उकरून उकरून मधलं सगळं पठार दातेरी खडक झालेलं. ऑक्टोबरमध्ये मंत्र्यांनी सांगितलं की बोटीतल्या लोकांनी आपली पोरं समुद्रात फेकली, फोटो पण दाखवले, आणि ते खोटं होतं हे संसदेच्या चौकशीत पुढच्या वर्षी निघालं, म्हणजे मतदान होऊन गेल्यावर. ‘या देशात कोण येणार आणि कसं येणार ते आम्ही ठरवणार’ हे वाक्य तेव्हाच्या पंतप्रधानांचं, त्याच निवडणुकीच्या प्रचारातलं, आणि माझ्या मते त्यानंतरचं सगळं राजकारण या एका वाक्याच्या सावलीत चाललंय, कुणाचाही धर्म काहीही असो.

ख्रिसमस आयलंडचं नाव १६४३ साली २५ डिसेंबरला एका इंग्रज कप्तानाच्या नजरेस पडलं म्हणून पडलेलं. जावापासून साधारण साडेतीनशे किलोमीटर, मुख्य ऑस्ट्रेलियापासून पंधराशेच्या पुढे. टाम्पानंतर कायदा करून हे बेट व्हिसाच्या अर्जापुरतं ऑस्ट्रेलियातून ‘वजा’ केलं, म्हणजे झेंडा ऑस्ट्रेलियाचा पण तिथे उतरलेल्याला नेहमीसारखा अर्ज करता येत नाही. २०१३ मध्ये तर बोटीने येणाऱ्यांपुरता अख्खा मुख्य देशच असा वजा केला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं आपलीच वाचण्यात चूक झाली.

आता तो शब्द. या सगळ्या भांडणात सर्वात जास्त गुंता कशाचा असेल तर ‘बेकायदा’चा. इथे मेलबर्नमध्ये आपल्या लोकांच्या गप्पांत पण हा शब्द सहज येतो. आपण पीआरचे (कायमच्या वास्तव्याच्या परवान्याचे) पॉइंट मोजलेले, इंग्लिशची परीक्षा दोन दोनदा दिलेली, मेडिकल, पोलिसांचा दाखला सगळं केलेलं, त्यामुळे ‘ते रांग मोडून आले’ म्हटलं की मान आपोआप हलते. पण रांग आहे कुठे? काबूलमध्ये तालिबानपासून लपलेल्या हजारा माणसाने कुठल्या खिडकीवर टोकन घ्यायचं? तरी रांगेची भाषा हवेतून आली नाही हेही खरं. १९९६ पासून सरकारने असा हिशोब लावला की देशात येऊन आश्रय मिळवलेल्या माणसामागे बाहेरच्या कॅम्पमधल्या कोट्यातली एक जागा कमी होणार. म्हणजे रांग सरकारने कागदावर तयार केली आणि मग ती मोडणारे पण सापडले.

कायदा काय म्हणतो? १९५१ च्या रेफ्युजी कराराचं कलम ३१ सांगतं की जिवाला धोका असलेल्या ठिकाणाहून थेट आलेल्या रेफ्युजीला केवळ बेकायदा प्रवेशासाठी शिक्षा करायची नाही, त्याने वेळ न घालवता स्वतःहून हजर व्हावं. गंमत अशी की ‘बेकायदा प्रवेश’ हे शब्द त्याच कलमात आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू तेच कलम दाखवतात. एक म्हणते बघा, करारातच बेकायदा लिहिलंय. दुसरी म्हणते पुढे वाचा, शिक्षा नको असंही लिहिलंय. आणि ‘थेट’ म्हणजे काय यावर वेगळीच मारामारी, कारण अफगाण माणूस पाकिस्तान, मलेशिया, इंडोनेशिया करत येतो, पण मलेशिया आणि इंडोनेशियाने तो करार केलेलाच नाही, तिथे त्याला कामाचा हक्क नाही, तर तो तिथे ‘पोचला’ असं धरायचं का? देशाच्या स्वतःच्या कायद्यातला शब्द आणखी निराळा. आधी ‘बेकायदा प्रवेश केलेला’ असा शब्द होता, १९९४ पासून नुसतं ‘अवैध बिगरनागरिक’, ज्याच्याकडे चालू व्हिसा नाही तो. ही एक स्थिती आहे, गुन्हा नाही. व्हिसा संपूनही राहिलेला ब्रिटिश बॅकपॅकर पण कायद्याने तोच, फक्त त्याला कुणी नौरूला पाठवत नाही.

सत्तापालट झाल्यावर ऑक्टोबर २०१३ मध्ये नव्या इमिग्रेशन मंत्र्यांनी खात्याला सांगितलं की यापुढे ‘अनियमित’ नाही, ‘बेकायदा सागरी आगमन’ लिहायचं, आणि सेंटरमधल्यांना ‘क्लायंट’ नाही, ‘डिटेनी’, म्हणजे कोंडलेला, म्हणायचं. (क्लायंट हा शब्द पण भारीच होता, कुंपणाच्या आत बसलेल्याला क्लायंट!) मंत्र्यांचा खुलासा असा की आश्रय मागणं बेकायदा आहे असं मी म्हणतच नाही, प्रवेश बेकायदा आहे एवढंच म्हणतो. वकिलाच्या दृष्टीने हे बरोबर पण असेल. पण टीव्हीवर ‘बेकायदा’ ऐकणाऱ्याला प्रवेश दिसत नाही, माणूस दिसतो. आणि माणसाला सेंटरमध्ये नावाने नाही तर बोटीच्या तीन अक्षरी कोडने आणि पुढच्या आकड्याने हाक मारत होते.

मराठीत तर आणखी पंचाईत. रेफ्युजी ठरलेला आणि अजून अर्ज पडून असलेला यांच्यात फरक करणारा सुटसुटीत शब्दच आपल्याकडे नाही. ‘शरणार्थी’ म्हटलं की हात जोडलेला माणूस डोळ्यापुढे येतो, ‘घुसखोर’ म्हटलं की निकाल लागलेलाच असतो. ‘निर्वासित’ हा फाळणीने दिलेला. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी कुटुंबं आली, उल्हासनगर झालं, तिथल्या पत्त्यात कॅम्प नंबर एक ते पाच अजून आहेत आणि निर्वासित हा शब्द तिथल्या कित्येकांना आयुष्यभर टोचत राहिला. म्हणून मी इथे आश्रयार्थी लिहितोय, तो पण काही फार चांगला नाही.

आता श्रद्धेकडे परत येऊ. २००८ च्या सुरुवातीला निबंधवाल्या पंतप्रधानांनी नौरूवरचा कॅम्प बंद केला होता, शब्द पाळला म्हणून चर्चवाले खूश. मग बोटी वाढल्या, २०१२ मध्ये १७ हजारांवर माणसं, २०१३ मध्ये २० हजारांवर. आणि माणसं बुडायला लागली. डिसेंबर २०१० मध्ये ख्रिसमस आयलंडच्या खडकावर एक बोट लोकांच्या डोळ्यांदेखत फुटली, पन्नासच्या आसपास गेले, बेटावरचे रहिवासी कड्यावरून लाइफ जॅकेट फेकत होते आणि वाऱ्याने ती परत त्यांच्याच अंगावर येत होती. काहींचे अंत्यविधी फेब्रुवारीत सिडनीला झाले, नातेवाईकांना सरकारी खर्चाने बेटावरून विमानाने आणलं, तर हा खर्च कशाला असा प्रश्न विरोधी पक्षाच्या इमिग्रेशन प्रवक्त्यांनी विचारला. बोलायची वेळ चुकली असं नंतर त्यांनी मान्य केलं. हेच पुढे ‘बेकायदा’वाले मंत्री. २००८ च्या संसदेतल्या पहिल्या भाषणात त्यांनी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचं वचन वाचलं होतं, प्रेमदया, न्याय आणि नीतिमत्ता करणारा परमेश्वर असं. बायबल म्हणजे पॉलिसीचं हँडबुक नव्हे, हेही त्यांचंच.

त्यांच्या पक्षाच्या तेव्हाच्या नेत्याचं तर आणखी सरळ. येशू प्रत्येकाला हो म्हणाला नाही, असं ते २०१० मध्ये टीव्हीवर म्हणाले, आणि २०१२ मध्ये रेडिओवर, की पुढच्या दाराऐवजी मागच्या दाराने येणं काही फार ख्रिस्ती नव्हे. मात्र त्यांच्या बाजूने एक युक्तिवाद आहे तो टाळून चालणार नाही. २००८ नंतरच्या पाच वर्षांत हजारावर माणसं त्या समुद्रात गेली, बोटी परत फिरवल्यावर ते जवळजवळ थांबलं. बुडू न देणं हीच दया, असं ते मनापासून म्हणतात. माझा आक्षेप एवढाच की मग नौरूवरच्या पोराने वर्षानुवर्षं तंबूत राहून नेमकं कुणाला वाचवलं हे पण सांगावं लागतं. आणि नौरू २०१२ मध्ये पुन्हा उघडलं ते कुणी? मी देव मानत नाही असं उघड सांगणाऱ्या पंतप्रधान बाईंनी, तोच बुडण्याचा युक्तिवाद करून. देव मानणारे, न मानणारे, सगळे एकाच धक्क्यावर येऊन लागले.

चर्च गप्प नव्हती. मार्च २०१४ मध्ये काही पाद्री आणि कार्यकर्ते सिडनीत त्याच मंत्र्यांच्या मतदारसंघातल्या ऑफिसात गेले आणि प्रार्थना करत खाली बसले, डिटेन्शनमधली मुलं कधी सुटणार सांगा म्हणाले, पोलिसांनी उचलून नेलं. मग असं शहराशहरात सुरू झालं, दोन्ही पक्षांच्या ऑफिसांत. फेब्रुवारी २०१६ मध्ये नौरूची व्यवस्था घटनेत बसते असा हायकोर्टाचा निकाल लागला आणि उपचारासाठी आणलेल्या २६७ जणांना परत पाठवायची वेळ आली तेव्हा ब्रिस्बेनच्या कॅथेड्रलच्या प्रमुखांनी आमच्या दारात अभय आहे असं जाहीर केलं, बाकीची चर्चेस मागोमाग. कायद्यात त्याला काडीचा आधार नाही, पण टीव्हीसमोर चर्चचं दार फोडायला कुठल्या सरकारला आवडेल? बहुतेकांना परत पाठवलं गेलं नाही.

ते मंत्री २०१८ मध्ये पंतप्रधान झाले. ऑफिसात मासेमारीच्या बोटीच्या आकाराची ट्रॉफी, त्यावर ‘या मी थांबवल्या’ अशा अर्थाची अक्षरं. २०१९ च्या ईस्टरला चर्चमध्ये हात वर करून गाताना कॅमेरे आत घेतले, महिन्यात निवडणूक जिंकली आणि पहिलं वाक्य, माझा चमत्कारांवर विश्वास आहे. त्याच फेब्रुवारीत संसदेने सरकारच्या नाकावर टिच्चून आजारी लोकांना बेटांवरून आणायचा कायदा केला होता, तो डिसेंबरपर्यंत रद्द झाला.

२०२२ मध्ये मजूर पक्ष आला पण बोटी परत फिरवणं तसंच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जुन्या तात्पुरत्या व्हिसावरच्या १९ हजार लोकांना कायमचा व्हिसा मागायची सोय झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये हायकोर्टाने स्वतःचाच २००४ चा निकाल फिरवला आणि कुठेच पाठवता येत नसलेल्या माणसाला बेमुदत कोंडता येणार नाही असं ठरवलं. पण १९ जुलै २०१३ ही रेघ तशीच आहे. १८ तारखेला ख्रिसमस आयलंडला लागलेला माणूस कायमच्या व्हिसाचा अर्ज करू शकतो, दोन दिवस उशिरा आलेला, नंतर उपचारासाठी इथे आणलेला, मेलबर्नच्या त्याच उपनगरात त्याच बेकरीत काम करत असला तरी सहा महिन्यांच्या तात्पुरत्या ब्रिजिंग व्हिसावर, तो संपत आला की पुन्हा फॉर्म.